प्रवासाला आणि रोज सोबत: एक बॉडी, एक छोटी लेन्स, बाकी सगळं घरी ठेवा

पायवाट:
हलक्या कॅमेऱ्याचा विषय निघाला की चर्चा दरवेळी बॉडीवरच (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) अडकते, कुठली किती ग्रॅम, कोणाचा सेन्सर (आत प्रकाश टिपणारा भाग) केवढा, म्हणून मी दुसऱ्या टोकाने सुरू करतोय. माझं मत असं आहे की ज्या कॅमेऱ्याला वेगळी बॅग लागते तो हलका नाही, मग वजनाच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असो.

कारण बॅग आली की तिच्यात जागा असते आणि जागा असली की ती भरते. एक जास्तीची लेन्स, मग तिचा हूड, मग चार्जर, एखादा फिल्टर, "असू दे, लागेल" म्हणत दीड-दोन किलो कधी होतात कळत नाही. आणि समोर काही घडलं की आधी बॅग पुढे ओढा, चेन उघडा, कॅमेरा काढा, लेन्सचं झाकण काढा, तोवर समोरचा माणूस हसून झालेला असतो. प्रवासात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक कॅमेरा हॉटेलवर ठेवून बाहेर पडतात ते आळसामुळे नाही, या कटकटीमुळे.

ऑलिंपसचे योशिहिसा माइतानी यांनी १९७९ साली एक्सए नावाचा कॅमेरा आणला त्यात नेमका हाच विचार होता. ३५ मिमी एफ २.८ लेन्स (मिमीचा आकडा लहान तितका कोन रुंद, एफचा लहान तितका प्रकाश जास्त), पुढे सरकतं झाकण, त्यामुळे लेन्सची वेगळी टोपी नाही की केस नाही. खिशातून काढा, झाकण सरकवा, फोटो घ्या. आज त्या विचाराच्या सगळ्यात जवळ रिको जीआर ३ आहे, बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, आत एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर आणि २८ मिमीचा कोन (कोन फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिमी सेन्सरच्या, हिशेबाने सांगतोय). तोच ४० मिमीच्या कोनात हवा तर जीआर ३ एक्स, २६२ ग्रॅम. लेन्स बदलता यायला हवी असेल तर फुजी एक्स-एम ५ ही बॉडी ३५५ ग्रॅम आणि तिच्यावर २७ मिमीची पॅनकेक (चपटी) लेन्स, साधारण ४० मिमीचा कोन, ८४ ग्रॅम, म्हणजे ४३९ ग्रॅम. जॅकेटच्या खिशात किंवा रोजच्या कामाच्या पिशवीत सहज जातो.

आणि एकच लेन्स असण्याचा खरा फायदा वजनाचा नाहीच. काही महिने एकाच फोकल लेंथवर (मिमीच्या आकड्यावर) काढले की कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच चौकट दिसायला लागते, कुठे उभं राहायचं ते पायांना आपोआप कळतं. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने लायका कॅमेरा आणि ५० मिमी लेन्सवर जवळपास सगळं आयुष्य काढलं, त्याच्या कामात काय कमी पडलं? फार वाईड (रुंद कोन) हवं असेल तेव्हा फोन आहेच की खिशात.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण आकडे आणि कारणं देऊन.

दूरदर्शी:
अजिबात सहमत नाही. रोजच्यासाठी एक प्राईम (झूम नसलेली लेन्स) ठीक, पण तुम्ही शीर्षकात प्रवास पण घातलाय आणि प्रवासात हा सल्ला लोकांना महागात पडतो.

"पायाने झूम करा" हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही. पुढे चालत गेल्याने फक्त वस्तू मोठी होत नाही, तिचं मागच्या गोष्टींशी असलेलं नातंच बदलतं. मागे डोंगर आहे, पुढे झाड आहे, मला डोंगर मोठा हवाय, तर मला लांब उभं राहून टेले (लांबचं जवळ आणणारी लेन्स) वापरावी लागेल, झाडाजवळ गेलो तर डोंगर उलट बारीक होईल. म्हणजे चालणं वेगळं आणि झूम वेगळं, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. शिवाय नदीच्या पलीकडचं काठावरचं घर, दरीच्या पलीकडचा कळस, तिथे चालत जाणार कसे? आणि उलट बाजूने जुन्या वास्तूच्या आत पाठ भिंतीला टेकली तरी ४० मिमीमध्ये अर्धी कमानच येते.

ज्या ठिकाणी आयुष्यात परत जाऊ की नाही माहीत नाही तिथे मी स्वतःचे हात बांधून का जाऊ?

माझं किट सोनी ए६४०० आणि सिग्मा १८-५० एफ २.८. बॉडी बॅटरीसकट ४०३, लेन्स २९० च्या आसपास, मिळून सातशेच्या आत. फुल फ्रेमच्या भाषेत २७ ते ७५ मिमी, सगळीकडे एफ २.८. लेन्स बदलायची नाही, म्हणजे धुळीत सेन्सर उघडायचा नाही. क्रॉसबॉडी पट्ट्यावर कमरेजवळ लटकतो, मलाही बॅग लागत नाही! तुमची अट पाळूनही झूम नेता येते हे सांगायचंय.

पायवाट:
दूरदर्शी, परस्पेक्टिव्हचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मी "पायाने झूम" म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, की डोंगर मोठा असलेला तो फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला, त्या जागेवर ४० मिमीचा दुसरा चांगला फोटो असतो आणि तो शोधायला मी मोकळा असतो.

४३९ आणि ६९३ यात २५४ ग्रॅमचा फरक. पण त्यापेक्षा मोठा फरक जाडीचा आहे. पॅनकेक बॉडीतून जेमतेम अडीच सेंटीमीटर पुढे येते, तुमची झूम त्याच्या तिप्पट तरी, हूडसकट अजून जास्त. तेवढ्याने खिशात जाणारा कॅमेरा लटकणारा होतो. आणि लटकणारा कॅमेरा लोकांना दिसतो, समोरचा माणूस सावध होतो.

सावलीखाली:
मी वेगळाच प्रश्न विचारते, कॅमेरा मुळात हवाच कशाला?

प्रामाणिकपणे विचारतेय. हे सगळे फोटो शेवटी बघितले कुठे जातात, ९९ टक्के फोनच्या स्क्रीनवर. आजचा चांगला फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर जुळवतो, आकाश जळत नाही, सावल्या काळ्या पडत नाहीत. तोच उन्हातला दरवाजा आणि आतला अंधार कॅमेऱ्यात काढा, एकतर आकाश पांढरं नाहीतर आत काळोख, मग घरी जाऊन रॉ (कॅमेऱ्याची कच्ची) फाइल घेऊन बसा. फोनमध्ये तीन कोन मिळतात, व्हिडिओ स्थिर येतो, नकाशा, तिकिटं, भाषांतर सगळं त्याच वस्तूत, आणि त्याचं वजन तुम्ही तसंही उचलताच आहात. म्हणजे हलक्या किटचं जास्तीचं वजन शून्य ग्रॅम. याच्यापेक्षा हलकं काय असणार.

माझ्या ओळखीत कितीतरी जण छोटा कॅमेरा घेतात, दोन महिने उत्साह, मग तो कपाटात.

जुना_रोल:
सावलीखाली, भर दुपारी उन्हात स्थिर गोष्टींसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण फोन कुठे थांबतो तेही सांगायला हवं.

त्या अनेक फ्रेम जुळवण्याची जादू चालते कारण समोरचं हलत नाहीये. संध्याकाळी घरात पोरं पळतायत, कोणी नाचतंय, तिथे जुळवायला काही उरत नाही, मग फोन एकतर चेहरा पुसट करतो नाहीतर नॉइज (कमी उजेडात फोटोत येणारे दाणे) घासून घासून त्वचा मेणासारखी करतो. मोठ्या सेन्सरवर एफ २ उघडा, शटर एक भागिले दोनशे ठेवा, थोडं ग्रेन आलं तरी माणूस माणसासारखा दिसतो.

दुसरं, फोनची मुख्य लेन्स बहुतेक वेळा २४ ते २६ मिमीच्या आसपास. चेहऱ्याने चौकट भरायला इतकं जवळ जावं लागतं की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. टेलेचा वेगळा कॅमेरा असतो, पण त्याचा सेन्सर मुख्यपेक्षा लहान, उजेड कमी झाला की काही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जाऊन क्रॉप देतात.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोन हातात घेतला की त्यात निरोप दिसतात, माणूस फोटो काढायला जातो आणि उत्तर द्यायला लागतो. कॅमेरा हातात असला की तेवढा वेळ मी फक्त बघत असतो.

सावलीखाली:
तिसरं कारण तुमच्या स्वभावाचं आहे, उपकरणाचं नाही. पहिली दोन मान्य, विशेषतः घरातल्या हलत्या मुलांचं. पण मग धाग्यातला सल्ला असा व्हायला हवा की "घरात, संध्याकाळी, हलती माणसं काढत असाल तर कॅमेरा घ्या". प्रवासात दिवसा इमारती आणि डोंगर काढणाऱ्याला सरसकट कॅमेरा घ्यायला लावू नका.

रानपाखरू:
इतके प्रतिसाद आले तरी मायक्रो फोर थर्ड्सचं (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांची सिस्टिम) नाव कोणी घेतलं नाही!! हलकं किट म्हटल्यावर पहिलं नाव तेच यायला हवं. २००८ मध्ये ही सिस्टिम सुरू झाली ती आकार कमी करायलाच. लोक बॉडीचं वजन मोजतात आणि लेन्सचं विसरतात, खरी बचत लेन्समध्ये असते. ऑलिंपस ४५ मिमी एफ १.८ फक्त ११६ ग्रॅम, ९० मिमीचा कोन, पोर्ट्रेटला मस्त. पॅनासोनिक १४ मिमी एफ २.५ तर ५५ ग्रॅम. ४०-१५० ची टेले झूम १९० ग्रॅम, म्हणजे ३०० मिमीपर्यंत पोहोचते आणि चहाच्या कपात मावेल एवढी. ओएम-५ बॉडी बॅटरी-कार्डासकट ४१४ ग्रॅम, आयपी ५३ चं (पाणी-धुळीपासून) संरक्षण, पावसाचे शिंतोडे आले तरी पळापळ नाही. सेन्सर स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) इतकं चांगलं की अर्ध्या सेकंदाचा फोटो हातात धरून येतो.

दूरदर्शी, तुमच्या एका लेन्सच्या वजनात माझ्या दोन येतात.

तीन_पाय:
रानपाखरू, माझी सिस्टिम फुल फ्रेम आहे म्हणून बोलतोय असं समजू नका, पण इथे एक हिशेब नेहमी अर्धाच सांगितला जातो.

फोर थर्ड्सवर क्रॉप २ चा (फुल फ्रेमशी तुलना करताना गुणायचा आकडा), तो फोकल लेंथला लावता तसाच अपर्चरलाही (एफच्या आकड्याला) लावा. १७ मिमी एफ १.८ म्हणजे फुल फ्रेमच्या ३४ मिमी एफ ३.६ इतकाच एकूण प्रकाश आणि तेवढीच बॅकग्राउंड धूसर. आता वजन बघा. ओएम-५ ४१४ आणि १७ मिमी एफ १.८ ची १२०, झाले ५३४. कॅनन आर ८ बॅटरी-कार्डासकट ४६१ आणि आरएफ २८ मिमी एफ २.८ पण १२०, झाले ५८१. फरक किती, ४७ ग्रॅम. आणि त्या ४७ ग्रॅममध्ये सेन्सर जवळपास चौपट क्षेत्रफळाचा, ३६ गुणिले २४ विरुद्ध १७.३ गुणिले १३.

म्हणजे एकच छोटी वाईड प्राईम लावायची असेल तर छोटा सेन्सर घेऊन तुम्ही वजन फारसं वाचवत नाही, फक्त प्रकाश घालवता.

रानपाखरू:
आर ८ मध्ये सेन्सर स्टॅबिलायझेशन नाही आणि त्या २८ मध्ये पण नाही, हे तुम्ही सोयीने गाळलंत. अंधाऱ्या देवळात किंवा संग्रहालयात, जिथे ट्रायपॉड चालत नाही, तिथे मी चार-पाच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) हळू शटरवर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) २०० ला काढीन आणि तुम्ही आयएसओ ३२०० वर. तुमची दोन स्टॉपची आघाडी तिथेच संपली.

तीन_पाय:
खांबांसाठी संपली, माणसांसाठी नाही. स्टॅबिलायझेशन माझा हात थांबवतं, समोरचा माणूस थांबत नाही. चालणारा माणूस नीट यायला एक भागिले १२५ तरी लागतंच आणि तिथे फक्त प्रकाश कामाला येतो. कोण काय काढतं त्यावर आहे.

टेलेचं मात्र मी तुमच्या बाजूने बोलतो. आरएफ १००-४०० हीच हलकी समजली जाते आणि ती ६३५ ग्रॅम आहे. तुमच्या १९० च्या शेजारी ठेवली तर प्रवासात मी तुमचीच नेईन, समतुल्य अपर्चर कमी असलं तरी. दिवसा उजेडात पक्षी, कळस, डोंगराचे थर काढायला तेवढं बास.

पायवाट:
हा ४७ ग्रॅमचा हिशेब या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे माझ्या मते. वजन कुठे वाढतं तर सेन्सरमुळे कमी, तुम्ही मागता त्या पोहोचीमुळे आणि त्या अपर्चरमुळे जास्त. फुल फ्रेम असूनही छोटी एफ २.८ लावलीत तर हलकं, आणि एपीएस-सी असूनही ७०-३५० ची टेले झूम लावलीत तर जड, कारण ती लेन्सच सव्वासहाशे ग्रॅम. म्हणून मी म्हणतोय आधी लेन्स ठरवा आणि मग तिच्यामागे बॉडी शोधा.

हळू_हळू:
बराच वेळ वाचतेय, लिहू का नको करत लिहितेय. इथे वजनाची चर्चा आवडीनिवडीसारखी चाललीय, माझ्यासारख्यांसाठी ती तशी नाही. मानेच्या मणक्याचा त्रास आहे, अर्धा किलो गळ्यात दोन तास लटकला की रात्री हात मुंग्या येऊन जागा करतो. जड कॅमेरा सोडला तर लोक म्हणतात क्वालिटीशी तडजोड केलीस, अहो माझ्यासाठी पर्याय हलका कॅमेरा किंवा काहीच नाही असे दोनच होते!

आणि ही गोष्ट नवीन नाही. ऑस्कर बार्नाक, लायकाचा जनक, त्याला दम्याचा त्रास होता, काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन डोंगर चढणं जमत नव्हतं. म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा करायला घेतला, १९१४ च्या सुमाराला पहिला नमुना आणि १९२५ ला लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर. सिनेमाची चौकट दुप्पट करून २४ गुणिले ३६ केली, आणि आज ज्याला तुम्ही "फुल" फ्रेम म्हणता ती तेव्हाच्या फोटोग्राफरांना फारच लहान वाटायची. तेव्हा सेन्सरच्या आकारावरून एकमेकांना कमी लेखू नका कृपया.

अनुभवातून दोन गोष्टी. एक, गळ्यातला पट्टा सगळ्यात वाईट, सगळा भार मानेच्या एकाच जागेवर येतो. आडवा क्रॉसबॉडी पट्टा बरा, मनगटाचा पट्टा अजून बरा पण तो २५०-३०० ग्रॅमपर्यंतच, त्यापुढे मनगट आणि कोपर बोलायला लागतात. दोन, पायवाट तुम्ही खिसा खिसा म्हणताय, पण जॅकेटच्या एका खिशात साडेचारशे ग्रॅम टाकले की जॅकेट एका बाजूने ओढलं जातं आणि खांदा वाकडा होतो, मला तर लगेच कळतं. त्यापेक्षा कमरेच्या पट्ट्यावरचं छोटं पाऊच चांगलं. ते बॅग म्हणून मोजणार असाल तर मोजा, मला तेच मानवतं. आणि बायकांच्या बहुतेक कपड्यांना कॅमेरा जाईल असे खिसेच नसतात, तो नियम कोणासाठी लिहिलाय ते पण बघा.

पायवाट:
हळू_हळू, खिशांचा मुद्दा अगदी रास्त. नियम असा वाचा: कॅमेऱ्यासाठी म्हणून वेगळी बॅग नको. जे तुम्ही तसंही अंगावर बाळगता त्यात तो बसला पाहिजे, मग तो खिसा असो, पर्स असो की कमरेचं पाऊच.

सावलीखाली:
हळू_हळू यांचा प्रतिसाद वाचून माझं मत अजून पक्कं झालं की फोन पुरे. पण त्यांना कॅमेरा हवासा वाटतो हे पण दिसतंय त्यातून, त्याचा आदर आहे.

कोरडी_हवा:
एक गोष्ट राहिली, धूळ. न बदलणाऱ्या लेन्सचा कॉम्पॅक्ट सगळे सुचवतात, पण ज्यांची लेन्स चालू करताना बाहेर येते आणि आत जाते त्यात खिशातले दोरे आणि धूळ ओढली जाते. माझ्याकडे एक होता, ब्रँडचं नाव घेत नाही, एफ ८ च्या पुढे आकाशात काळा ठिपका. लेन्स निघत नाही म्हणजे सेन्सर स्वतः पुसता येत नाही, उघडायला सर्व्हिसलाच. बदलत्या लेन्सच्या कॅमेऱ्यात धूळ जास्त शिरते हे खरं पण ती मी ब्लोअरने दोन मिनिटांत घालवतो. खिशात ठेवायचाच तर कापडी कव्हरमध्ये ठेवा आणि तो खिसा दुसऱ्या कशासाठी वापरू नका.

बॅटरीचं पण. जीआर ३ ची बॅटरी अधिकृत मोजणीत २०० फोटोंची आहे, प्रवासाच्या दिवसाला एक जास्तीची लागणारच, तिचं वजन धरा. आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात, टोकांना कव्हर लावून. यूएसबीने कॅमेऱ्यातच चार्ज होणारी बॉडी घेतली तर वेगळा चार्जर घरी राहतो.

जुना_रोल:
यात भर घालतो. जीआरचा स्नॅप फोकस ज्यांनी वापरला नाही त्यांनी वापरून बघा. एफ ८ ला फोकस अडीच मीटरवर बांधून ठेवा, लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमीची (कोन २८ चा) असल्यामुळे साधारण सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. बटण पूर्ण दाबलं की फोकस शोधत बसत नाही. रस्त्यावर याच्यापुढे कुठलाही ऑटोफोकस फिका. ही वाईड कोनाची देणगी आहे, ४० मिमीवाल्या ३ एक्सवर तेवढी मोकळीक मिळत नाही, तिथे स्पष्ट पट्टा बराच अरुंद होतो.

दूरदर्शी:
म्हणजे बघा, एकाच लेन्सवर राहणाऱ्यांचं पण २८ की ४० यावर एकमत नाही, मग दोन्ही असलेली झूम का नको? :)

नवखी:
सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, पण डोकं गरगरलं. माझ्याकडे कॅननचा २०० डी आहे, १८-५५ किट लेन्ससकट (कॅमेऱ्यासोबत आलेली झूम), घरात पडून असतो. प्रवासाला जायचंय आणि नंतर रोज पण वापरायचाय. विकून रिको घेऊ, की फोनवरच राहू, की काय?

तीन_पाय:
आत्ता काही विकू नका. २०० डी बॅटरीसकट ४५३ ग्रॅम, डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) अगदी हलका. त्याला कॅननची ईएफ-एस २४ मिमी एफ २.८ पॅनकेक मिळते, १२५ ग्रॅम, १.६ क्रॉपमुळे साधारण ३८ मिमीचा कोन. मिळून ५७८ ग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या आर ८ च्या किटइतकंच. जाडी आरशामुळे राहणार, ती जात नाही.

दूरदर्शी:
पॅनकेक घ्यायच्या आधी एक काम करा. तुमचे जुने फोटो काढा, ज्यांच्यावर जीव आहे तेच, आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ किती लिहिलीय ते बघा. आम्ही सगळे आपापल्या सवयी सांगतोय, तुमची सवय तुमच्या फाइलींमध्ये लिहिलेली आहे.

नवखी:
बघितलं आत्ताच. गंमत म्हणजे मधलं जवळजवळ काहीच नाही! बरेचसे १८ वर, आणि माणसांचे सगळे ५५ वर. २४ च्या आसपासचे अगदी हाताच्या बोटांवर.

दूरदर्शी:
झालं तर मग, तुम्ही झूमवाल्या. किट लेन्सच ठेवा, निवांत जा.

पायवाट:
थांबा थांबा. यांना २४ ची पॅनकेक नको हे मान्य, पण म्हणून लगेच झूम कशाला. १८ म्हणजे २०० डी वर २९ मिमीचा कोन, तेवढं वाईड तर फोनची मुख्य लेन्स देते, आणि सावलीखाली म्हणतात तसं दिवसाच्या दृश्यांना फोन पुरतो. राहिली माणसं. ५५ वर किट लेन्स एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याऐवजी ईएफ ५० मिमी एफ १.८ लावा, १६० ग्रॅम, ८० मिमीचा कोन, आणि तीन स्टॉपहून जास्त प्रकाश. वाईड फोनवर, माणसं कॅमेऱ्यावर. कॅमेरा ६१३ ग्रॅमचा झाला तरी लेन्स आखूड आहे, नेहमीच्या पर्समध्ये जाईल.

सावलीखाली:
हे मला पटलं. पहिल्यांदा कोणीतरी फोनला किटचा भाग धरलं.

दूरदर्शी:
आणि रात्री खोलीत सगळे नाचतायत, वाईड हवंय, तेव्हा? फोन मेण करणार, ५० मिमीत दोनच डोकी येणार.

जुना_रोल:
तेव्हा दोन डोकी नीट काढायची. एफ १.८ आहे, दिव्याच्या बाजूला उभं राहायचं.

दूरदर्शी:
नाही हो, तेव्हा सगळी खोलीच हवी असते. नवखी, ५० घ्या, तो सल्ला चांगला आहे, पण १८-५५ पण बरोबर असू द्या, तिचं वजन दोनशे-अडीचशे ग्रॅमच आहे, मुक्कामाच्या सामानात राहील. दिवसा ५० लावून फिरा, संध्याकाळी कुठे जाताय ते बघून ठरवा.

नवखी:
५० मिमी एका मैत्रिणीकडे आहे, परवा मागून आणते आणि आठवडाभर फक्त तीच लावून फोनबरोबर वापरून बघते. १८-५५ तोवर कपाटात. नंतर इथेच सांगते कुठे अडलं ते.